मास्टर मंद्रचे हात

मास्टर मंद्रने अकरा वर्षांत एकशे चौदा खून केले. त्यातले पहिले दोन सोडले, तर बाकी सगळ्या वेळी त्याचे हात ताईचे होते.

मास्टर मंद्र हा रहस्यचित्रकथांच्या एका मासिकातला खलनायक. उंच, हाडकुळा, टोकदार दाढीचा, अंगात पायघोळ काळा कोट आणि पाठीवर चेलोची पेटी. चेलो म्हणजे व्हायोलिनच्याच कुळातलं, पण उभं केलं तर माणसाच्या छातीला लागेल असं वाद्य. खुर्चीवर बसून, दोन गुडघ्यांत धरून गजाने, म्हणजे केस ताणलेल्या लांब काठीने, वाजवायचं. त्याच्या पेटीत मध्यम बांध्याचा एक माणूस मावतो, आणि कथालेखकाला तेवढं पुरेसं होतं. मास्टर मंद्र बड्या लोकांच्या दिवाणखान्यात वाजवायला जायचा, खालच्या पट्टीत असं काही छेडायचा की ऐकणाऱ्यांच्या पापण्या जड व्हायच्या, मग चेलोची एक तार काढून यजमानाच्या गळ्याभोवती आवळायचा. यजमान पेटीतून बाहेर जायचा. मग चेलो कुठे जायचा, हे अकरा वर्षांत एकाही वाचकाने विचारलं नाही.

ही चित्रं काढायचा तो ताईचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि ताई एकवीसची. तिने त्याला वाढवलं, शाळेत घातलं, पुढे चित्रकलेच्या शाळेतही घातलं, आणि तो तीन खोल्यांच्या त्याच घरात बायको घेऊन आला तेव्हा स्वतःची खोली त्या दोघांना देऊन ती बाहेरच्या खोलीत झोपू लागली. तिचं स्वतःचं लग्न दोनदा ठरत आलं होतं. दोन्ही वेळा तिनेच आधी विचारलं, चेलो ठेवायला जागा आहे का, आणि दोन्ही वेळा समोरच्याला हे विचित्र वाटलं.

ती शहरातल्या मोठ्या नाटकगृहाच्या वाद्यवृंदात होती. रंगमंचापुढे जो खड्डा असतो त्यात बावीस वादक बसत. ताईची खुर्ची मागच्या रांगेत, खांबाला लागून. तिथून ती प्रेक्षकांना दिसत नसे आणि तिला नाटक दिसत नसे. वरती कोण मेला ते तिला डोक्यावरच्या फळ्यांच्या धप्प आवाजावरून कळे. दिवसा ती वाद्यवृंदासाठी नोटेशनच्या प्रती उतरवायची. टाक, काळी शाई, पाच सरळ रेघा आणि त्यांवर बारीक टिकल्यांसारखे स्वर. एक डाग पडला की पान फुकट. या कामाला नजर आणि मनगट दोन्ही ठिकाणावर लागतात, आणि तिची दोन्ही होती.

मास्टर मंद्रचा पहिला अंक छापून आला तेव्हा तिने तो जेवणाच्या टेबलावर उघडला आणि म्हणाली की चेलोला चार तारा असतात, यात सहा आहेत; आणि हा गज धरतोय की आमटी वाढतोय. धाकट्याने कबूल केलं की त्याने व्हायोलिनचा फोटो समोर ठेवून ते मोठं केलं होतं, आणि जागा उरली म्हणून दोन तारा वाढवल्या होत्या. घरात खराखुरा चेलो होता. घरातली वस्तू पाहून चित्र काढावं हे त्याला सुचलंच नव्हतं. दुसरा अंक तोवर छपाईला गेला होता. तिसऱ्या अंकापासून ताई बसायला लागली.

सोमवारी नाटकगृह बंद असे, म्हणून हा कार्यक्रम सोमवारी सकाळी चाले, तोही स्वयंपाकघरात, कारण घरातला चांगला उजेड तिथल्याच खिडकीतून येई. ताई भावाचा हिवाळी कोट चढवून स्टुलावर बसायची आणि वाजवायची. दर थोड्या वेळाने तो 'थांब' म्हणे आणि ती जिथल्या तिथे थिजून जाई. मरणाऱ्या माणसांची कामं भावजयीकडे आली. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती आणि तिची पाळी दुपारी सुरू होई. त्यामुळे सकाळी बटाटे सोलता सोलता ती मरायला मोकळी असे. मरण्यात तिला चांगली गती होती. डोळे कसे फिरवायचे, पंजे कसे आखडायचे, हे ती एक्स्चेंजमधल्या सुपरवायझर बाईंना नजरेसमोर आणून करायची.

एकदा विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला माणूस उघड्या दारातून सरळ आत आला. काळ्या कोटातली ताई भावजयीच्या मागे उभी, भावजयीच्या गळ्याभोवती तार, तिची जीभ बाहेर, आणि समोर बसलेला धाकटा म्हणतोय, मान अजून जरा मागे. मीटर आतल्या दाराच्या वर होतं. त्या माणसाने तिकडे न पाहताच वहीत काहीतरी आकडा टाकला आणि जिना उतरला. पुढचे तीन महिने त्यांच्याकडे कुणी फिरकलं नाही. बिलं अंदाजानेच आली.

कथालेखकाच्या बेताप्रमाणे मास्टर मंद्र सहाव्या अंकात बुडून मरायचा होता. पण वाचकांची पत्रं इतकी आली की संपादकांनी त्याला नदीतून बाहेर काढायला लावलं. नंतर तो जळत्या गोदामातून वाचला, तुरुंगातून सुटला, आणि एकदा तर फाशीच्या दोरातूनही खाली उतरला. लहान मुलं रस्त्यात छत्र्या गुडघ्यांत धरून मास्टर मंद्र व्हायची. ताई त्यांच्या जवळून जाई, एखाद्याचं मनगट फारच वाकडं असलं तर तिच्या जिवाला लागे, पण ती बोलत नसे. वाद्यवृंदात तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. लपवावं असं काही नव्हतं. कुणी विचारलं नाही, तीही बोलली नाही.

पाच वर्षं असं चाललं. मग एका सकाळी धाकटा टेबलावरून उठून खिडकीशी गेला आणि काच पुसायला लागला. काच स्वच्छ होती. त्याला उजव्या डोळ्यापुढे काजळी धरल्यासारखी दिसत होती, आणि दुपारपर्यंत ती काजळी पडद्यासारखी अर्ध्यावर उतरली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की आतला पडदा सुटला आहे. शस्त्रक्रिया झाली. त्या काळी त्यानंतर रोग्याला तीन आठवडे उताणं झोपवून ठेवत. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. शिंक आली तर काय करायचं, हे त्याने डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, येऊ द्यायची नाही. घरी गेल्यावरही पाच महिने बारीक काम बंद.

हे ऐकून भावजय खोलीबाहेर जाऊन रडून आली. ताई त्याच्या उशाशी बसून राहिली. त्याने विचारलं, कोण आहे. ती म्हणाली, मी.

"बारा पानं अर्धवट आहेत," तो म्हणाला. "दोन अंक चुकले की ते दुसऱ्या कुणाला देतात. तसं करारातच लिहिलंय."

"मग चुकू देऊ नकोस."

"पट्टी कुणाच्या डोळ्यांवर आहे, ताई?"

ती घरी आली आणि त्याच्या टेबलाशी बसली. अर्धवट पानं उलटीपालटी करून पाहिली. निळ्या पेन्सिलीचा कच्चा आराखडा, कारण निळी रेघ छपाईत उमटत नाही, त्यावर शाई. शाई तिला परकी नव्हती. चित्रं मात्र तिने शाळा सुटल्यापासून काढली नव्हती. तिने ट्रेसिंगचे कागद आणले, जुने अंक जमिनीवर मांडले, आणि त्यांतून मास्टर मंद्रच्या मागावर असलेल्या गुप्तहेराचे चेहरे गोळा केले: एक रागावलेला, एक चकित, एक विचारात पडलेला, दोन बाजूने, एक पाठमोरा. असे मिळून सहा. त्या सहा चेहऱ्यांवर तिने आलटून पालटून अख्खा अंक काढला. गुप्तहेर धावताना हवा असला की जुन्या अंकातली धाव जशीच्या तशी उचलायची. स्वतःच्या मनाने तिने त्याला एकदाच धाववून पाहिलं, तर तो गुडघ्यात मोडलेल्या माणसासारखा दिसायला लागला.

मास्टर मंद्रचं मात्र तिने ट्रेसिंग केलं नाही. न्हाणीघरातला आरसा काढून स्टुलासमोर टेकवला, कोट चढवला, वाजवलं, थांबली, पाहिलं, काढलं. पुन्हा वाजवलं. हात तिला पाठच होते.

अडचण आली ती हसण्याची. कथालेखक प्रत्येक खुनाआधी एक चौकट ठेवायचा आणि टाइप केलेल्या पानावर लिहायचा: मास्टर मंद्र वाजवता वाजवता विकट हास्य करतो. धाकटा ते झोकात काढायचा. दात, भुवया, मागे फेकलेलं डोकं. ताईने आरशासमोर बसून वाजवता वाजवता हसून पाहिलं. गज घसरला. पुन्हा प्रयत्न केला तर सूर पडला. मग तिने चौकटीत तिला जे खरं माहीत होतं तेच काढलं: तोंड मिटलेलं, डोळे डाव्या हाताच्या बोटांवर, आणि चेहऱ्यावर पुढच्या स्वराखेरीज कशाचीच जाणीव नाही. मागे यजमान पेंगतोय, आणि याचं त्याच्याकडे लक्षही नाही.

पानांवर भावाचीच सही उठवून तिने ती पाकिटात घातली, आणि भावजयीने एक्स्चेंजला जाताना मासिकाच्या कचेरीत टाकली. कुणाला काही कळलं नाही. दुसरा अंक गेला, तिसरा गेला. दुसऱ्यापासून धाकटा घरी होता. त्याच्या नाकावर काळा चष्मा होता, प्रत्येक काचेच्या जागी पत्र्याची चकती आणि तिच्या मध्ये टाचणीएवढं भोक. त्या भोकातून त्याला समोरच्या माणसाचं नाक दिसे, नाहीतर कान. एकदम पूर्ण माणूस दिसत नसे. तो पलंगावर पडून सांगायचा, सावली डाव्या हाताला टाक, खिडकीची चौकट जाड कर, आणि ताई तसं करायची. ते दिवस बरे होते, असं ती पुढे सांगायची.

मग संपादकांचं पत्र आलं. भावजयीने ते मोठ्याने वाचलं, कारण घरात पत्रं मोठ्यानेच वाचायची पद्धत पडली होती. संपादकांनी लिहिलं होतं की गेल्या तीन अंकांतल्या मास्टर मंद्रने कचेरीत खळबळ उडवली आहे. पूर्वी तो हसायचा तेव्हा नाटकातला वाटायचा, आता भीती वाटते. छपाईखात्यातल्या एका बाईंनी ते पान उलटं करून ठेवलं होतं. हे वळण आपण कायम ठेवावं, अशी विनंती होती.

पत्र संपलं. भावजयीच्या उशिरा लक्षात आलं की आपण काय वाचलं.

धाकट्याने विचारलं, "कसा काढलायस त्याला?"

"वाजवताना हसत नाही."

"मास्टर मंद्र हसतो."

"वाजवताना कुणी हसत नाही रे," ताई म्हणाली. ती अगदी साधेपणाने म्हणाली, आणि त्याला तेच जास्त लागलं.

पाच महिने संपले. चष्मा निघाला. उजव्या डोळ्याला फक्त उजेड आणि सावली एवढंच कळायचं, डावा धडधाकट होता. पहिल्या दिवशी त्याने भिंग घेऊन ताईचे अंक पाहिले. त्यात सबंध दुपार गेली. दुसऱ्या दिवसापासून टेबलाशी बसू लागला. एका डोळ्याने कागद किती लांब आहे ते नीट कळत नाही. टाक अर्धा इंच वरच राही, नाहीतर आपटून शाई उडे. त्याने दोन आठवडे नुसत्या रेघा ओढल्या. मग पुढचा अंक काढला, आणि त्यात मास्टर मंद्रला पान भरून हसवलं.

पानं परत आली. सोबत चिठ्ठी होती की मागच्या अंकांसारखी हवीत.

त्या दिवशी भावजयीला सुट्टी होती, आणि ती संध्याकाळ तिला नेहमी आठवे. ताईला नाटकगृहात जायचं होतं, ती उंबऱ्यात चपला घालत होती. धाकटा टेबलापाशी पाठ करून बसला होता.

"त्यांना तू हवी आहेस," तो म्हणाला.

"मला नको आहे ते. तुझं तू कर."

"खोटं बोलू नकोस, ताई."

तिने चेलोची पेटी खाली ठेवली. वीस वर्षं ती खांबाआड बसून वाजवत होती आणि कधी कुणी पान उलटं करून ठेवलं नव्हतं. तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "हो. हवं आहे मला." आणि पेटी उचलून कामाला गेली.

त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलेनाशी झाली. भांडण म्हणावं तर आवाज चढला नाही, दार आपटलं नाही. नुसतं बोलणं थांबलं. ताईने पुन्हा त्याच्या टेबलाला हात लावला नाही. सोमवारी सकाळी ती घराबाहेर राहू लागली. धाकटा पानं काढायचा, फाडायचा, पुन्हा काढायचा. जेवायला मात्र तिघं एकत्रच बसत, आणि सगळं भावजयीमार्फत चाले. तिला सांग, मीठ इकडे दे. त्याला विचार, कोट धोब्याकडे टाकायचा का. भावजय पाळीभर एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून शहरातल्या लोकांना एकमेकांशी जोडून देत असे. चौथ्या आठवड्यात एका सकाळी धाकटा म्हणाला, तिला विचार, किल्ली कुठे आहे, तेव्हा तिने हातातला चमचा खाली ठेवला.

"लाइन बंद आहे," ती म्हणाली, आणि चहा अर्धा टाकून कामावर निघून गेली. तिची पाळी सुरू व्हायला अजून चार तास होते. ते चार तास तिने बागेतल्या बाकावर बसून काढले, हे दोघांना खूप उशिरा कळलं.

किल्ली अर्थातच मिळाली. बोलणं सुरू झालं ते किल्लीपुरतंच, पण झालं.

त्याच आठवड्यात संपादक स्वतः आले. अंक लांबला होता. ते लठ्ठ होते, तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता, आणि दार उघडलं ते ताईने. कमरेला एप्रन, एका हातात गज, कारण ती सराव करत होती. खुर्ची दिली, पाणी दिलं. पाणी पिता पिता संपादकांची नजर तिच्या डाव्या हातावर गेली. तिची करंगळी लहानपणी दारात सापडून टोकाशी वाकडी झाली होती. मास्टर मंद्रची करंगळीही टोकाशी वाकडी होती. ते इतका वेळ पाहत राहिले की तिने हात एप्रनच्या खिशात घातला.

मग त्यांना सगळं सांगावं लागलं. संपादक माणूस व्यवहारी. त्यांनी बसल्या जागी तोडगा काढला की मास्टर मंद्र यापुढे ताईंनी काढावा, आणि धाकट्यासाठी दुसरी एखादी मालिका काढता येईल, घोड्यांची वगैरे. हे ते दोघांच्या देखत म्हणाले. धाकट्याने मान खाली घातली. तो टेबलाच्या कडेवर वाळलेली शाई नखाने खरवडत राहिला.

ताई म्हणाली की तिला जमणार नाही. संपादकांना वाटलं ती भिडेने बोलतेय. मग तिने आपले पाचही अंक आणून त्यांच्यासमोर उघडले आणि एकेका चौकटीवर बोट ठेवत गेली. हा गुप्तहेर दुसऱ्या वर्षाच्या मार्च अंकातला. हा तिसऱ्याच्या जूनमधला. हा घोळका जुन्या अंकातलाच, फक्त टोप्या बदलल्यात. यात एकही माणूस मी चालवलेला नाही, ती म्हणाली. सगळे याच्या पायांनी चालतात. आणखी दोन महिन्यांत जुने अंक संपतील, मग तुमचा गुप्तहेर जागच्या जागी उभा राहील.

संपादकांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"धावणं तिला येत नाही," धाकटा टेबलाकडे बघतच म्हणाला. बऱ्याच दिवसांनी त्याच्या आवाजात काहीतरी हललं होतं. "पण हात मला तसे कधी जमले नाहीत. ती बसायची तरी नाही जमले."

"मग हसवायचं की नाही त्याला?" संपादकांनी विचारलं.

तिथेच नियम ठरला. चेलो हातात असेल तर मास्टर मंद्र ताईचा. चेलो पेटीत असेल तर धाकट्याचा. वाजवताना हसायचं नाही; वाजवून झाल्यावर, पळताना, बोटीत, गच्चीवर, पाहिजे तेवढं हसायचं. कथालेखकाला हे कळवलं तेव्हा त्याची काही तक्रार नव्हती. त्याला पेटीशी मतलब होता.

त्यानंतर टेबलाला दोन खुर्च्या आल्या. एकाच पानावर दोघं काम करत. तिची चौकट वाळेपर्यंत तो खालची धरायचा. एका डोळ्यामुळे त्याचा टाक कुठे टेकेल याचा भरवसा नसे, तेव्हा ती न बोलता कागद अर्धा इंच वर उचलायची. बारीक रेघा ती मारे, मोठ्या सावल्या तो भरे. नाही म्हणायला कुरबुरी व्हायच्या. तो तिच्या चौकटीत खिडकीबाहेर एखादं वटवाघूळ घुसडायचा आणि ती ते ब्लेडने खरवडून काढायची. पण ते दोन कामकऱ्यांमधलं भांडण होतं, आणि जेवण होईपर्यंतसुद्धा त्यातलं काही उरत नसे.

संपादकांनी पहिल्या पानाच्या तळाशी चित्रकाराच्या नावापुढे 'व ताई' असं छापलं. बऱ्याच वाचकांना ती छपाईची चूक वाटली. नाटकगृहात मात्र ट्रंपेटवाल्याने एका तालमीत मासिक उघडून ताईच्या हाताशेजारी धरलं, करंगळी पाहिली, पुन्हा चित्र पाहिलं.

"बाई, तुम्ही माणसं मारता म्हणे," तो म्हणाला.

"सोमवारी," ताई म्हणाली. "नाटक नसतं तेव्हा."

त्या दिवसापासून वाद्यवृंदात सगळे तिला जरा वचकून राहू लागले, आणि खांबाआडची खुर्ची दोन हात पुढे सरकवून मिळाली. तिने मागितली नव्हती. तिथून रंगमंचाची एक कड दिसे. सोळा दिवसांत तिने एका नटाचे फक्त बूट पाहिले आणि घरी येऊन भावजयीला त्या बुटांचं सविस्तर वर्णन केलं.

मास्टर मंद्र आणखी सहा वर्षं चालला. मग छापखाना विकला गेला आणि मासिक एका महिन्यात बंद पडलं. शेवटच्या अंकात तो दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लिफ्टमध्ये होता आणि गुप्तहेर लिफ्टच्या छतावर. पुढे काय झालं हे कथालेखकानेही लिहिलेलं नव्हतं. त्याला आठवडाभराने लिहायचं होतं. मूळ पानं कुठे गेली ते विचारायला धाकटा छापखान्यात गेला, तर नव्या मालकाने सांगितलं की जुना कागद सगळा रद्दीत गेला. घरी येऊन त्याने ते सांगितलं तेव्हा ताई नोटेशन उतरवत होती. तिने टाक पुसला, पुन्हा शाईत बुडवला, आणि उरलेली ओळ पूर्ण केली.

धाकट्याने पुढे पाठ्यपुस्तकांची चित्रं काढली. बेडकाचं पोट, ज्वालामुखी, तरफ, हृदयाचे चार कप्पे. हे काम त्याला आवडलं. बेडूक कुठे धावत नाही, असं तो म्हणायचा. नाटकगृहाने वाद्यवृंद मोडून टेप लावली तेव्हा ताई सत्तावन्न वर्षांची होती. तिने घरी शिकवण्या सुरू केल्या. शिकायला येणारे बहुतेक मोठी माणसंच असत, एक दातांचे डॉक्टर, एक पोस्टातल्या बाई. मुलांच्या आईवडिलांना चेलो फार अडगळीचा वाटे. धाकटा सहासष्टाव्या वर्षी गेला, हृदयाने. सकाळी दाढी करायला बसला आणि उठला नाही.

आता ताई एक्याऐंशीची आहे आणि भावजय एकोणसत्तरची. तेच घर, तोच तिसरा मजला. जिना चढताना मधल्या मजल्यावर थांबतात, तिथल्या शेजाऱ्यांनी त्यांच्यासाठी एक स्टूल बाहेर ठेवलं आहे. ताईच्या बोटांचे सांधे सुजतात, त्यामुळे ती आता संथ तेवढंच वाजवते. चाळीस वर्षं हेडफोन लावून भावजयीचा डावा कान गेला आहे. रेडिओच्या आवाजावरून रोज खटका उडतो. एकीला तो मोठा वाटतो आणि दुसरीला तो लावलेलाच नाही असं वाटतं. दुपारी चहा झाला की ताई वाजवायला बसते आणि भावजय समोर भाजी निवडत.

"जरा जोरात वाजवा, ताई," ती म्हणते.

ताई म्हणते की हे जोरात वाजवायचं नसतंच, तू उजवा कान इकडे कर. भावजय खुर्ची उचलून दुसऱ्या बाजूला नेते, बसते, आणि पुन्हा शेंगा सोलायला लागते.